थंड समुद्रातल्या बंदराचा इकॉलॉजिकल धोका कसा तपासायचा: आधी कॅलेंडर, मॅट्रिक्स सगळ्यात शेवटी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली बरीच मुलं हल्ली पीजीच्या प्रोजेक्टसाठी, नाहीतर बाहेरच्या युनिव्हर्सिटीला अर्ज करताना, उत्तरेकडच्या एखाद्या बंदराचं रिस्क असेसमेंट करायला घेतात. बर्फाचे नकाशे फुकट, सॅटेलाइटची चित्रं फुकट, जहाजांच्या हालचाली ऑनलाइन दिसतात, म्हणजे घरी बसून काम होतंय. विषय चांगलाच आहे, करा. पण रिपोर्टात तीच ती चूक परत परत येते. पहिल्याच दिवशी पाच बाय पाचचं मॅट्रिक्स (शक्यता गुणिले परिणाम दाखवणारा रंगीत तक्ता) उघडायचं, मुरगाव किंवा कारवारच्या जुन्या रिपोर्टातली धोक्यांची यादी त्यात टाकायची, 'मान्सून'च्या जागी 'विंटर' लिहायचं आणि रंग भरायला सुरुवात. मग पुढचे तीन महिने त्या रंगांना कारणं शोधण्यात जातात.

थंड बंदरात हे का चालत नाही ते आधी डोक्यात बसवा. तिथं तेच दहा टन डिझेल फेब्रुवारीत सांडलं आणि जूनमधे सांडलं तर त्या दोन पूर्ण वेगळ्या घटना असतात. तेल वेगळं वागतंय, जागेवर असलेले जीव वेगळे, आवरायला माणसं पोचतील की नाही तेही वेगळं. म्हणून महिना ठरल्याशिवाय धोक्याला नंबर देता येत नाही. खालचा क्रम त्यासाठीच आहे, आणि तो मोडू नका.

## १. बंदर कुठल्या प्रकारचं ते ठरवा

'थंड बंदर' असा एकच प्रकार नसतो. निदान तीन आहेत.

पहिला, हिवाळ्यात बंद होणारं. कॅनडात हडसन बेवरचं चर्चिल घ्या, जहाजं साधारण जुलै ते ऑक्टोबर-नोव्हेंबर एवढ्याच काळात येतात, बाकी वर्ष समुद्र गोठलेला. दुसरा, गोठतं पण आइसब्रेकर लावून चालू ठेवतात असं. स्वीडनचं लुलेओ त्यातलं, बोथनियाच्या उपसागराच्या टोकाला. तिसरा, थंड आणि अंधारं पण सहसा न गोठणारं. रशियाचं मुर्मन्स्क ६८ अंश उत्तरेच्या वर आहे, तरी उबदार प्रवाहामुळे बंदर वर्षभर चालतंय, आणि डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिथं सूर्य उगवत नाही.

तिघांचे धोके वेगळे. चर्चिलला अख्खी वाहतूक उन्हाळ्यात कोंबलेली असते आणि जीवही तेव्हाच गर्दी करतात. लुलेओला बर्फ फोडणं हाच एक धोका. मुर्मन्स्कला बर्फापेक्षा अंधार आणि वर्षभर न थांबणारी वाहतूक महत्त्वाची.

तपासा: तुमच्या रिपोर्टाच्या पहिल्या पानावर बंदराचा प्रकार, जहाजं चालू असण्याचे महिने, आणि पाण्याचा खारेपणा या तीन गोष्टी आहेत का? खारेपणा विसरू नका. बोथनियाच्या उपसागराच्या उत्तर भागात तो हजारात दोन ते चार एवढाच असतो, साध्या समुद्रात पस्तीसच्या आसपास. म्हणजे समुद्रासाठी ठरवलेले मानकांचे आकडे तिथं सरळ उचलून लावता येत नाहीत.

## २. काय वाचवायचं ते नीट लिहा

'सागरी जीवसृष्टीवर परिणाम' हे वाक्य कुठंही लिहू नका, त्यावर पुढचं काहीच मोजता येत नाही. लिहायचं ते असं: 'चर्चिल नदीच्या मुखात जुलै-ऑगस्टमधे पिल्लांसोबत येणारे बेलुगा व्हेल.' किंवा 'लुलेओच्या आसपासच्या बर्फावर फेब्रुवारी-मार्चमधे पिल्लं देणारे रिंग्ड सील.' जीव, जागा, महिना, तिन्ही एका ओळीत आले पाहिजेत. अशा पाच ते आठ ओळी पुरतात.

यात फक्त दिसायला छान प्राणी घालू नका. बर्फाच्या खालच्या बाजूला शेवाळ वाढतं, त्यावर छोटे कवचधारी जगतात, त्यांच्यावर मासे. चिखलातले किडे, शिंपले हेही घ्या, कारण बंदरातली सगळी घाण शेवटी तळाच्या गाळातच बसते. आणि तिथली माणसं पण: चर्चिल भागात क्री, डेने, इन्युइट समाज आहेत, त्यातल्या कितीतरी घरांचं जेवण शिकार आणि मासेमारीवर आहे. त्यांच्या मुलाखती छापलेल्या असतात, वाचा. कुठला मासा कुठं, कधी, हे बऱ्याच वेळा सर्व्हेच्या आधी त्यांना माहीत असतंय.

## ३. कॅलेंडर बनवा (इथं सगळ्यात जास्त वेळ घाला)

एक साधी शीट उघडा. आडवे बारा महिने, शक्य असेल तर प्रत्येक महिन्याचे दोन भाग. उभ्या ओळी तीन गटांत.

पहिला गट निसर्गाचा: बर्फ कधी धरतं, कधी सुटतं, जाडी किती, दिवसाचा उजेड किती तास, नदीला वितळलेल्या पाण्याचा लोंढा कधी येतो. दुसरा गट जिवांचा: अंडी, पिल्लं, पिसं झडण्याचा काळ, स्थलांतर. तिसरा गट बंदराचा: जहाजं किती, इंधन भरणं कधी, ड्रेजिंग (तळाचा गाळ उपसणं) कधी, बर्फ उचलून कुठं टाकतात.

आता तिन्ही गट एकावर एक ठेवून बघा. लुलेओकडचं एक उदाहरण देतो. तिथं व्हेंडेस नावाचा छोटा मासा शरद ऋतूत, ऑक्टोबर-नोव्हेंबरला अंडी घालतो आणि ती अंडी अख्खा हिवाळा तळाला राहून वसंतात बर्फ सुटायच्या सुमाराला फुटतात. आता 'हिवाळ्यात पाण्यात काही चालू नसतं, ड्रेजिंग तेव्हाच उरका' असं कुणी लिहिलं तर तो गाळ थेट अंड्यांवर बसणार. मासा पोहताना दिसत नाही म्हणून तो तिथं नाही असं धरू नका.

चर्चिलला उलटं. हिवाळ्यात जहाजं शून्य, म्हणून वर्षाची सरासरी काढली तर धोका एकदम छोटा दिसतो. पण जहाजांचा सीझन सुरू होतो तेव्हाच नदीच्या मुखात बेलुगा हजारोंनी असतात, आणि सीझन संपताना किनाऱ्यावर पोलर बेअर समुद्र गोठायची वाट बघत जमतात. सरासरीने हे सगळं पुसलं जातंय.

### बर्फाचा नकाशा वाचताना

कॅनडाच्या बऱ्याच बर्फ-नकाशांवर अंड्याच्या आकारात आकडे लिहिलेले असतात, त्याला एग कोड म्हणतात. हा न शिकता कॅलेंडर भरता येत नाही, शिकायला अर्धा तास लागतो. वरच्या ओळीत एकूण बर्फ किती, तो दहा भागांत. म्हणजे वर ९ लिहिलं तर दहातले नऊ भाग बर्फ, एक भाग मोकळं पाणी. हे नऊ टक्के समजून वाचलेले रिपोर्ट येतात आणि मग पुढचं सगळंच उलटं होतं. दुसऱ्या ओळीत तेच नऊ वेगवेगळ्या बर्फात वाटलेले, समजा ६ आणि ३. तिसऱ्या ओळीत त्यांचं वय म्हणजे जाडीचा कोड, जाड बर्फ आधी: ७ असेल तर ३० ते ७० सेंटिमीटर, ५ असेल तर १५ ते ३०. चौथ्या ओळीत तुकड्यांचा आकार. म्हणजे ९, मग ६-३, मग ७-५ याचा अर्थ: सहा भाग ३० ते ७० सेंटिमीटरचं, तीन भाग १५ ते ३० सेंटिमीटरचं, एक भाग पाणी.

सावधान: एका वर्षाचा नकाशा घेऊन थांबू नका. निदान दहा वर्षांचे घ्या आणि बर्फ धरण्या-सुटण्याची सगळ्यात लवकरची आणि सगळ्यात उशिराची तारीख दोन्ही लिहा. सरासरी तारखेला खरं वर्ष कधीच वागत नाही.

## ४. घाण कुठून निघते, कुठल्या वाटेने जाते, कुणाला लागते

प्रत्येक धोका तीन भागांत लिहा: स्रोत, वाट, जीव. मधली वाट दाखवता येत नसेल तर तो धोका यादीत ठेवू नका. थंड बंदरात वाटाच वेगळ्या असतात, म्हणून खालचे मुद्दे जरा सावकाश वाचा.

तेल. गरम पाण्यात हलकं तेल पटकन उडून जातं. शून्याजवळच्या पाण्यात उडणं मंदावतं, जिवाणूंचं काम मंदावतं, आणि बर्फाखाली गेलं तर उडायला जागाच नाही. वरून बर्फ वाढत असेल तर तेल त्यात बंद होऊन बसतं, बर्फाबरोबर लांब सरकतं, आणि वसंतात बर्फातल्या खारट पाण्याच्या बारीक नळ्यांतून वर येतं. म्हणजे जानेवारीतल्या गळतीचा फटका मे महिन्यात, दुसऱ्याच जागी, पिल्लांच्या वेळेला. कॅलेंडरवर हा बाण काढा. जहाजांच्या जड इंधनाचं आणखी वेगळं: काहींचा पोअर पॉइंट (ज्याच्या खाली तेल वाहत नाही ते तापमान) २० ते ३० अंश असतो, थंड पाण्यात ते घट्ट गोळे होतात, पंपाने ओढता येत नाहीत. आर्क्टिकमधे जड इंधन वापरण्या-नेण्यावर १ जुलै २०२४ पासून आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली, पण काही जहाजांना १ जुलै २०२९ पर्यंत सूट मिळू शकते, त्यामुळे 'बंदी आहे' म्हणून ही ओळ काढून टाकू नका. तुमचं बंदर त्या हद्दीत येतं का तेही बघा, बाल्टिक समुद्र येत नाही.

किनाऱ्यावर बसलेलं तेल किती टिकतं याचं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला पाहिजे. २४ मार्च १९८९ ला अलास्कात एक्सॉन व्हाल्डीझ टँकर खडकावर चढला, हिमनदीतून सुटलेले बर्फाचे तुकडे चुकवायला तो ठरलेली वाट सोडून गेला होता. अंदाजे ३७,००० टन कच्चं तेल सांडलं आणि काही किनाऱ्यांच्या दगडगोट्यांखाली ते वीस वर्षांनंतरही सापडलं.

उचललेला बर्फ. ही वाट जवळजवळ सगळे विसरतात. धक्क्यावरचा, यार्डातला बर्फ हिवाळाभर ढकलून एका कोपऱ्यात ढीग करतात, कधी सरळ पाण्यात टाकतात. त्यात ट्रकचं तेल, टायरचा चुरा, मीठ, कोळशाची नाहीतर खनिजाची धूळ, सगळं साठलेलं. आपल्याकडे वळवाच्या पहिल्या सरीला बेळगावच्या बसस्टँडजवळच्या रस्त्यावरून काळं पाणी गटारात जातं ना, तसंच तिथं वितळण्याच्या पहिल्या काही दिवसांत होतं, फक्त चार-पाच महिन्यांचा माल एकदम. आणि ते गोडं पाणी हलकं असल्यामुळे उरलेल्या बर्फाखाली पातळ थर करून राहतं, खालच्या खाऱ्या पाण्यात लगेच मिसळत नाही. शेवाळ आणि लहान जीव नेमके त्याच थरात.

जमीन. पर्माफ्रॉस्टवर (वर्षानुवर्षं गोठलेल्या जमिनीवर) टाक्या असतील तर पायाची स्थिती हा इकॉलॉजीचाच मुद्दा आहे. २९ मे २०२० ला रशियातल्या नोरिल्स्कमधे टाकीचा आधार खचून सुमारे २१,००० टन डिझेल जमिनीवर आणि नद्यांत गेलं. ते बंदर नव्हतं, पण टाकी तशीच.

बॅलास्ट पाणी, म्हणजे जहाज तोल राखायला पोटात भरून आणतं आणि बंदरात सोडतं ते. 'थंडीत परका जीव जगत नाही' हे वाक्य मी दर वेळी खोडतो. थंड बंदरातून थंड बंदरात आलेला जीव चांगलाच जगतो. जहाज जिथून आलं तिथलं तापमान आणि खारेपणा तुमच्या बंदराशी किती जुळतो ते बघा. जहाजावर पाणी शुद्ध करायची यंत्रणा आहे म्हणूनही सोडू नका: विजेने क्लोरीन बनवणाऱ्या यंत्रणा खूप थंड आणि कमी खाऱ्या पाण्यात कमी पडतात, आणि लुलेओसारख्या ठिकाणी दोन्ही अडचणी एकत्र येतात.

आवाज, हवा, सांडपाणी हे तुमच्या नेहमीच्या पद्धतीने घ्या. फक्त दोन भर घाला: आइसब्रेकरचा रस्ता सीलच्या पिल्लांच्या जागेतून जातो का, आणि काजळी बर्फावर बसते का, कारण काळं पडलेलं बर्फ लवकर वितळतं.

तपासा: प्रत्येक ओळीत स्रोत, वाट, जीव, महिना आहे? एक जरी रकाना रिकामा असेल तर पुढं जाऊ नका.

## ५. डेटा आणि नमुने

घरी बसून करणार असाल तर दुसऱ्यांनी घेतलेला डेटा वापराल, तेव्हा तो कसा घेतला ते तपासा. नमुना कुठल्या महिन्यातला आहे? उत्तरेकडचा बहुतेक डेटा उन्हाळ्यातला असतो, कारण तेव्हाच बोटीने जाता येतं. वितळण्याच्या आठवड्यातला नमुना नसेल तर ते तसं लिहा, उन्हाळ्याचा आकडा तिथं भरू नका.

गाळासाठी तीन गोष्टी. एक, कणांचा आकार आणि सेंद्रिय कार्बन दिलाय का, कारण धातू आणि तेल बारीक चिखलाला चिकटतात, वाळूचा आणि चिखलाचा नमुना सरळ शेजारी ठेवून तुलना होत नाही. दोन, तिथल्या खडकातच धातू जास्त आहेत का. खाणीच्या प्रदेशात निकेल, आर्सेनिक नैसर्गिकच वाढलेले असू शकतात, म्हणून लांबचा एक स्वच्छ नमुना किंवा त्याच जागचा खोल, बंदर होण्याआधीचा थर पाहिजे. तीन, जुन्या जहाजदुरुस्तीच्या जागेजवळ टीबीटी (जहाजाच्या तळाला जीव चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगातलं विष) तपासलंय का. हा रंग जगभर २००८ पासून बंद आहे, पण थंड गाळात टीबीटी फार सावकाश विघटतं आणि प्रोपेलरच्या धक्क्याने परत वर येतं.

प्रत्यक्ष जाऊन नमुने घेणारे थोडेच असतात, त्यांच्यासाठी एकच सूचना: बर्फाच्या भोकातून काढलेलं उपकरण उणे वीसच्या हवेत काही सेकंदांत गोठतं, सेन्सरवर बर्फाचा पापुद्रा आला की पुढचे आकडे खोटे. तंबू आणि गरम पेटी नसेल तर मोजू नका.

## ६. आकडा काढा

सोपं सूत्र आहे: पाण्यात अपेक्षित प्रमाण भागिले सुरक्षित प्रमाण. एकच्या वर गेलं तर लक्ष द्यायचं. चुका सूत्रात होत नाहीत, आत काय घातलं त्यात होतात.

समजा तांब्याची सुरक्षित पातळी लिटरला २.६ मायक्रोग्रॅम धरली. वर्षाची सरासरी १.८ आली, भागाकार ०.७, म्हणजे सगळं ठीक. पण त्याच बंदरात मे महिन्यातलं वितळलेलं पाणी ५.२ असेल तर भागाकार २. रिपोर्टात दोन्ही पाहिजेत, आणि निर्णय मे महिन्याच्या आकड्यावर.

दुसरी चूक विघटनाच्या वेगाची. पुस्तकातला अर्धायुष्याचा आकडा बहुधा २० अंशाचा असतो. दहा अंश कमी झाले की वेग साधारण निम्मा, या ढोबळ नियमाने २० अंशाला १० दिवसांत निम्मी होणारी वस्तू शून्याला ४० दिवस घेणार. वेग दर दहा अंशाला तिसरा हिस्सा होत असेल तर ९० दिवस. दोन्ही मांडा आणि वाईट आकडा पुढं न्या.

तिसरी, विषारीपणाच्या चाचण्या. नेहमीची चाचणी ९६ तासांत संपते, थंड पाण्यातल्या जिवांमधे परिणाम उशिरा दिसू शकतो. त्यामुळे 'मेला नाही' याचा अर्थ 'काही झालं नाही' असा घेऊ नका, जास्त मुदतीची चाचणी शोधा.

गाळासाठी बरेच जण ईआरएल, ईआरएम (परिणामाची खालची आणि वरची पातळी) हे आकडे वापरतात, तांब्यासाठी किलोला ३४ आणि २७० मिलिग्रॅम. वापरा, पण ते उत्तर अमेरिकेच्या डेटावर काढलेत आणि पास-नापास सांगायला बनवलेले नाहीत. खालच्या आकड्याखाली परिणाम क्वचित, वरच्याच्या वर वारंवार, एवढाच त्यांचा अर्थ.

## ७. सांडलं तर आवरता येईल का?

हा टप्पा आपल्याकडच्या रिपोर्टात नसतोच, आणि थंड बंदरात बऱ्याच वेळा धोका ठरवणारी गोष्ट हीच असते. 'बंदराकडे बूम (तेल अडवायचं तरंगतं कुंपण) आणि स्किमर (पाण्यावरचं तेल उचलायचं यंत्र) आहेत' एवढं लिहून धोका एक पायरी खाली आणतात, ते चूक.

कॅलेंडरच्या शीटमधेच आणखी एक ओळ घाला आणि प्रत्येक पंधरवड्यासाठी विचारा: उजेड आहे? वारा-लाटा मर्यादेत? दृष्टी पडते? बर्फ किती? दहात तीन भागांपेक्षा कमी बर्फ असेल तर साधे बूम चालू शकतात. तीन ते सहा सगळ्यात वाईट, तेल पसरतंय आणि बर्फाचे तुकडे बूम ढकलतात. सहा-सातच्या वर बर्फच तेलाला अडवून धरतं, पण बोट जात नाही. प्रवाहही बघा: बूम प्रवाहाला आडवा लावला तर सेकंदाला ०.३५ मीटरच्या आसपासच तेल खालून निसटायला लागतं, भरती-ओहोटीच्या नदीमुखात एवढा वेग सहज असतो.

ज्या पंधरवड्यात उत्तर 'नाही' येतं तिथं उपकरणांचं श्रेय शून्य धरा.

## ८. आता मॅट्रिक्स

इथपर्यंत आलात तर मॅट्रिक्स एका दुपारचं काम आहे. प्रत्येक धोक्याची एक नाही, हंगामाप्रमाणे दोन-तीन ओळी येतील. शक्यता आणि परिणाम यांच्याबरोबर आणखी दोन रकाने ठेवा: परत सुधारायला किती काळ, आणि आपली खात्री किती. खात्री कमी असेल तर धोका कमी होत नाही. तो रकाना गुणाकारात घालू नका, बाजूला उघडा ठेवा.

सावधान: क्वचित घडणारी पण प्रचंड नुकसानीची घटना गुणाकारात मधल्या पिवळ्या रंगात जाऊन बसते. अशा ओळी वेगळ्या काढून शब्दांत लिहा.

## ९. पाठवायच्या आधी

थंड समुद्रावर काम केलेल्या माणसाला दाखवा. आपल्याला चोर्ला घाट उतरला की वास्कोला नॅशनल सेंटर फॉर पोलर अँड ओशन रिसर्च आहे, नॉर्वेतल्या नी-ओलेसुंडचं 'हिमाद्री' स्टेशन त्यांच्याकडेच आहे, आणि दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. अख्खा रिपोर्ट न पाठवता कॅलेंडरचं एक पान आणि दोन नेमके प्रश्न पाठवा, उत्तर यायची शक्यता त्यात जास्त.

परिशिष्टात कॅलेंडरची मूळ शीट, वापरलेल्या बर्फाच्या नकाशांच्या तारखा आणि तुम्ही धरून चाललेल्या गोष्टींची यादी जोडा. पुढच्या वर्षी बर्फ सुटायची तारीख पंधरा दिवस सरकली तर कुणालाही तेवढ्या ओळी बदलून सहाव्या टप्प्यापासून पुढचं गणित परत चालवता आलं पाहिजे.